निर्दोष सुटलात, पण खर्चाचे काय?

फौजदारी कायद्यात एक छोटे कलम आहे. अदखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुणी थेट न्यायालयात दाखल केली आणि आरोपी दोषी ठरला, तर शिक्षेखेरीज फिर्यादीचा खर्चही आरोपीने भरावा, असा हुकूम न्यायालय करू शकते. त्या खर्चात समन्सची फी, साक्षीदारांचा खर्च आणि वकिलाची फीसुद्धा धरता येते. पैसे भरले नाहीत तर तीस दिवसांपर्यंत साधी कैद. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३५९ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४०० आहे. हाच खटला उलटा लागला आणि आरोपी निर्दोष सुटला, तर त्याच्या वकिलाची फी कुणी द्यायची? या कलमाला जोड म्हणून दुसरे कलम असेल असे वाटते, पण ते नाही. साक्षीदाराला न्यायालयात येण्याचा भत्ता सरकारी तिजोरीतून मिळू शकतो, फिर्यादीलाही मिळू शकतो, त्यासाठी कलम ३५० आहे. सगळ्या तारखांना हजर राहिलेला, कामधंदा बुडवून बाकावर बसून राहिलेला आणि शेवटी ज्याच्याविरुद्ध काहीच शाबीत झाले नाही असा आरोपी मात्र या भत्त्याच्या यादीत कुठेच नाही.

ज्यांच्यावर किंवा ज्यांच्या घरातल्या कुणावर खटला चालू आहे, किंवा नुकताच संपला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. निर्दोष सुटलेल्याला आज कायद्याने काय मिळू शकते, ते मागायचे कधी आणि त्यासाठी हाताशी काय असावे लागते, हे पाहायचे आहे. ते पाहताना एक मत आधीच सांगून टाकतो. निर्दोष सुटलेल्याचा बचावाचा वाजवी खर्च सरकारने ठरावीक दराने परत केला पाहिजे, आणि त्यासाठी कुणी खोटे बोलले होते हे सिद्ध करण्याची अट असू नये. आजचा कायदा नेमकी तीच अट घालतो, म्हणून त्याची दारे अरुंद आहेत. पण आहेत, आणि बहुतेक जण ती वापरायच्या आतच त्यांची वेळ निघून जाते.

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित दार म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २७३, म्हणजे जुने कलम २५०. दंडाधिकाऱ्यापुढे चालणाऱ्या खटल्यात आरोपी सुटला आणि आरोप करायला काही वाजवी कारणच नव्हते असे दंडाधिकाऱ्याचे मत झाले, तर ज्याच्या फिर्यादीवरून किंवा पोलिसांना दिलेल्या खबरीवरून खटला उभा राहिला त्याला ‘भरपाई का देऊ नये, कारण दाखव’ असे विचारता येते आणि भरपाईचा हुकूम करता येतो. भरपाईची मर्यादा त्या दंडाधिकाऱ्याला जितका दंड ठोठावता येतो तितकी. प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याची ही मर्यादा पूर्वी १०,००० रुपये होती, नव्या संहितेत ५०,००० झाली आहे. रक्कम न भरल्यास तीस दिवसांपर्यंत साधी कैद होऊ शकते. यातली मेख वेळेची आहे. कारण दाखवण्याची ही विचारणा आरोपीला सोडणाऱ्या आदेशातच करायची असते. निकाल वाचून झाला, पेढे वाटले, आठवड्याने वकिलाला फोन केला की भरपाईचे काही होईल का, तर तोवर ते दार बंद झालेले असते. म्हणून अंतिम युक्तिवादाच्या वेळीच तुमच्या वकिलाने लेखी अर्ज द्यायला हवा: आरोप निराधार आहे असे न्यायालयाचे मत झाल्यास कलम २७३ खाली नोटीस काढावी, आणि झालेला खर्च सोबतच्या तक्त्याप्रमाणे. असा अर्ज दिला म्हणून निकालावर विपरीत परिणाम होईल, न्यायाधीश नाराज होतील, अशी भीती अनेकांना वाटते. कायद्याने दिलेली मागणी करण्यात उद्धटपणा कसला? अर्ज पुढे असेल तर न्यायाधीशाला त्यावर निदान एक परिच्छेद लिहावा लागतो, आणि तो परिच्छेद पुढे दिवाणी दाव्यात फार उपयोगी पडतो.

या कलमाच्या मर्यादाही ओळखून असा. सत्र न्यायालयात चालणाऱ्या खटल्यांना ते लागू नाही. म्हणजे खून, खुनाचा प्रयत्न, दरोडा अशा ज्या खटल्यांत बचावाचा खर्च सर्वाधिक, तुरुंगवास सर्वांत लांब आणि वकिलासाठी जमीन विकायची किंवा गहाण टाकायची वेळ येते, तिथे हे दारच नाही. दुसरे असे की ‘संशयाचा फायदा’ देऊन सुटका झाली तर आरोप निराधार होता असा निष्कर्ष निघत नाही, आणि आपल्याकडच्या निकालपत्रांत तर संशयाचा फायदा हे शब्द इतक्या सवयीने पडतात की साक्षीपुरावा पूर्ण कोसळला असला तरी शेवटच्या ओळीत तेच लिहिलेले सापडते. म्हणून युक्तिवादात ‘संशयाचा फायदा द्यावा’ एवढ्यावर थांबू नये. घटना घडलीच नाही, किंवा आरोपी तिथे नव्हता, हे पुराव्यातून दाखवता येत असेल तर तसा स्पष्ट निष्कर्ष नोंदवावा अशी विनंती करावी. सरकारी नोकरीत असलेल्यांना किंवा नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीला सामोरे जाणाऱ्यांना या फरकाची किंमत आणखीच मोजावी लागते.

काही कारण नसताना अटक झाली असेल तर कलम ३९९ आहे. ज्याने पोलिसांकरवी अटक करवली त्याच्याकडून वेळेचा आणि खर्चाचा मोबदला दंडाधिकारी देववू शकतो. कमाल रक्कम १,००० रुपये. २०२३ साली नवी संहिता लिहिताना हा आकडा तसाच ठेवला गेला, यावरून खर्चाच्या प्रश्नाकडे कायदेमंडळाने किती लक्ष दिले हे समजते. धनादेश न वटल्याच्या खटल्यांत मात्र जरा बरी तरतूद आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४३अ खाली खटला चालू असतानाच धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई फिर्यादीला देण्याचा हुकूम होऊ शकतो. आरोपी सुटला तर ती रक्कम बँक दराच्या व्याजासह साठ दिवसांत परत करण्याचा आदेश न्यायालयाने द्यायचा असतो, पुरेसे कारण दाखवले तर आणखी तीस दिवसांची सवलत. निकालपत्रात हा आदेश आला आहे ना, हे तिथल्या तिथे पाहून घ्या. आणि खटला तडजोडीने मिटवत असाल तर एक लक्षात ठेवा: तडजोड नोंदली गेली की तिचा परिणाम कायद्याने निर्दोष सुटकेचाच असतो, पण त्यानंतर खर्च मागण्याचा सूर लावता येत नाही. खर्चाचे जे काही ठरायचे ते तडजोडीच्या अटींत, सहीच्या आधी.

यापुढचे दार दिवाणी न्यायालयाचे: द्वेषमूलक खटला भरल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा. यात बचावासाठी झालेला खर्च, बुडालेली कमाई आणि अब्रूची हानी हे सगळे मागता येते. सिद्ध काय करायचे, तर प्रतिवादीने खटला चालवला किंवा चालवायला लावला, तो तुमच्या बाजूने संपला, त्याला वाजवी आणि संभाव्य कारण नव्हते, त्यामागे द्वेष होता, आणि त्यातून नुकसान झाले. ही पाचही पावले वादीनेच चालायची. फौजदारी न्यायालयाने सोडले हा पुरावा फक्त दुसऱ्या पावलापुरता चालतो. बाकीचे सगळे दिवाणी न्यायालयात नव्याने शाबीत करावे लागते. मुदत फक्त एक वर्षाची आहे, मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ७४ प्रमाणे, सुटकेपासून किंवा खटला अन्य प्रकारे संपल्यापासून. फिर्यादीने किंवा सरकारने सुटकेविरुद्ध अपील केले तर वर्ष कधीपासून मोजायचे यावर न्यायालयांची मते एकसारखी राहिलेली नाहीत, तेव्हा पहिल्या सुटकेचीच तारीख धरून चाला. प्रतिवादी सरकार किंवा सरकारी अधिकारी असेल तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि पोलीस अधिकाऱ्यावर दावा लावायचा असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधली सहा महिन्यांची मुदत आड येऊ शकते. त्यामुळे निकालाच्या दुसऱ्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी नक्कल अर्ज टाका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे तर ज्याला ओढत पायरीवर आणले गेले त्यालाच, आधीच्या खर्चाची भरपाई मागण्यासाठी, स्वतःच्या पैशाने दुसऱ्यांदा पायरी चढायला सांगितले जाते. खोटी फिर्याद केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ आणि २४८ खाली कारवाई होऊ शकते हेही खरे, पण तीतून होते ती शिक्षा. तुमच्या हातात पैसा येत नाही.

राहिला उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचा मार्ग. मूलभूत हक्काचा भंग झाला तर सरकारने पैशात भरपाई द्यावी, हे तत्त्व १९८३ च्या रुदल शाह प्रकरणात रुजले. बिहारमधला हा कैदी १९६८ साली निर्दोष सुटला होता आणि तरी चौदा वर्षे तुरुंगातच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज ३०,००० रुपये देववले. मध्य प्रदेशात शिकवणी वर्ग चालवणाऱ्या एका गृहस्थाला बेड्या घालून नेण्यात आले, पाच वर्षे खटला चालला आणि तो सुटला; उच्च न्यायालयाने दिलेले ७०,००० रुपये सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली वाढवून २ लाख केले. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ साली अटक झाली, १९९६ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोपांत तथ्य नसल्याचा अहवाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाकडून ५० लाख रुपये मिळायला सप्टेंबर २०१८ उजाडले. महाराष्ट्रातले उदाहरण याहून बोलके आहे. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००३ मधल्या एका भीषण गुन्ह्यासाठी फाशी ठोठावली गेली, २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली, आणि त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष ठरवले. राज्य सरकारने प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. सुमारे सोळा वर्षांच्या तुरुंगवासावर ही रक्कम पसरली तर महिन्याला अडीच हजारांच्या जरा वर पडते. उलट, अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटलेल्यांनी भरपाई मागितली तेव्हा २०१६ साली त्याच न्यायालयाने ती मान्य करायला नकार दिला. सुटलेल्या प्रत्येकाला भरपाई देत गेलो तर घातक पायंडा पडेल, असा त्यामागचा सूर होता. वाचकाने यातून व्यवहाराचा बोध एवढाच घ्यावा की घटनात्मक याचिका हा दर ठरलेला हक्क नाही. बेड्या, कोठडीतला छळ, सुटकेनंतरही डांबून ठेवणे, बनावट पुरावा असे ठळक काही दाखवता येत असेल तरच त्या वाटेने जावे. एक पोटवाट मात्र ध्यानात असू द्या. खटलाच रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जाल तेव्हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ च्या अर्जात खर्चाची मागणीही जोडा. अंगभूत अधिकारात खर्च देववता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच मान्य केले आहे.

ही सगळी दारे एकाच बिजागरीवर फिरतात. कलम २७३ विचारते, फिर्यादीला वाजवी कारण होते का? दिवाणी दावा विचारतो, त्याच्या मनात द्वेष होता का? उच्च न्यायालय विचारते, अधिकाऱ्याने हक्क पायदळी तुडवले का? म्हणजे तुमचे पैसे परत मिळणे दुसऱ्या कुणाच्या तरी दोषावर अवलंबून. पण बहुसंख्य निर्दोष सुटका अशा खटल्यांत होतात जिथे कुणी दुष्ट नसतो. साक्षीदाराने अंधारात माणूस चुकीचा ओळखला, फिर्यादीला मनापासून संशय होता, तपासी अंमलदाराकडे चाळीस गुन्हे तपासाला होते आणि पंचनामा घाईत झाला. यात शिक्षा करावी असा कुणी नाही, आणि तरीही ज्याच्यावर खटला चालला त्याचा खर्च झालेला आहे. तो कुणी सोसायचा, हा प्रश्न दोषाचा नाही, वाटणीचा आहे. समाजाच्या वतीने गुन्ह्यांचा तपास करणे आणि संशयितावर खटला चालवणे हे सरकारचे काम. त्या कामात काही खटले फसणार हे सरकारला आधीपासून ठाऊक असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार दंड संहितेखाली निकाल लागलेल्या दर दहा खटल्यांत चार ते पाच खटल्यांत आरोपी सुटतो. एवढ्या नेमाने येणारा खर्च हा त्या व्यवस्थेचाच चालू खर्च मानायला हवा. तो ज्याच्या वाट्याला चिठ्ठी निघाली त्या कुटुंबावर टाकायला काय आधार आहे?

हे तत्त्व सरकारला अमान्य आहे असेही नाही. स्वतःच्या माणसांपुरते ते मान्य आहे. केंद्र सरकारच्या १९५९ सालच्या सूचनांनुसार, सरकारी कामासंबंधात सरकारनेच कर्मचाऱ्यावर खटला भरला तर बचावाला मदत मिळत नाही. पण निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने लागला आणि त्याला योग्य कारणाविना खटल्याचा ताण सोसावा लागला असे दिसले, तर त्याचा बचावखर्च पूर्ण किंवा अंशतः परत करण्याचा विचार होऊ शकतो. खाजगी माणसाने सरकारी कामावरून फिर्याद केली असेल तर याहून अधिक मदतीची सोय आहे. तुम्ही सरकारी नोकर असाल तर निकालाची प्रत जोडून आपल्या विभागाकडे हा अर्ज जरूर करा. राज्य सेवेत असाल तर आस्थापना शाखेकडे लागू नियम मागा. १९५६ च्या कंपनी कायद्यातही निर्दोष सुटलेल्या संचालकाचा बचावखर्च कंपनीने भरून द्यायला मुभा होती. अधिकाऱ्याला आणि संचालकाला जे न्याय्य वाटते, ते भाजीवाल्याला किंवा ट्रकचालकाला का नसावे, याचे उत्तर कुठल्याच सूचनेत दिलेले नाही.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न तीन तऱ्हांनी सोडवलेला दिसतो. जर्मनीत आरोपी सुटला की त्याचा आवश्यक खर्च सरकारी तिजोरीवर पडतो, हाच नियम. वकिलाची फी मात्र कायद्यातल्या दरपत्रकाप्रमाणेच मिळते, वकिलाने त्याहून जास्त घेतली असेल तर ती पक्षकाराच्या खिशातून. कोठडीतल्या दिवसांची भरपाई वेगळी; २०२० साली ती दिवसाला २५ वरून ७५ युरो करण्यात आली. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९९७ च्या हाइड दुरुस्तीनुसार खर्च मिळतो, पण सरकारने त्रास देण्यासाठी किंवा वाईट हेतूने खटला भरला हे दाखवावे लागते, आणि ते फार थोड्यांना जमते. म्हणजे आपल्यासारखीच बिजागरी. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९६७ पासून मधली वाट आहे: आज जी वस्तुस्थिती समोर आली ती सरकारपक्षाला आधी माहीत असती तर खटला भरणे वाजवी ठरले असते का, एवढेच न्यायाधीश पाहतो. कुणाच्या मनात काय होते हे उकरायची गरज पडत नाही. इंग्लंडची गोष्ट सावध करणारी आहे. तिथे १९८५ च्या कायद्याने सुटलेल्याला खर्च परत मिळत असे. काटकसर म्हणून २०१२ साली क्राउन न्यायालयातली ही सोय खाजगी वकील लावणाऱ्यांसाठी जवळपास बंद झाली, आणि पुढे फक्त ज्यांचा सरकारी मदतीचा अर्ज फेटाळला गेला त्यांना, तोही सरकारी मदतीच्या अल्प दराने, देऊ लागले. या कपातीच्या बाजूने मत देणारे खासदार नायजेल इव्हान्स पुढे स्वतः आरोपी झाले, २०१४ साली सर्व आरोपांतून सुटले, आणि बचावात आयुष्याची पुंजी, सुमारे १,३०,००० पौंड, गेल्याचे त्यांनीच सांगितले. त्यानंतर त्यांचे मत बदलले, हे सांगायला नकोच.

आक्षेप अर्थातच आहेत, आणि त्यांतले दोन वजनदार आहेत. पहिला असा की सुटलेला प्रत्येक जण निर्दोष नसतो. साक्षीदार फितूर होतात, फिर्यादीवर दबाव येतो, पैसेवाला सुटतो. अशाला वर सरकारने फी परत करायची? हे चित्र खोटे नाही. पण न्यायालयाने एकदा ‘शाबीत नाही’ म्हटल्यावर सरकारी कारकुनाने ‘तरी याने केलेच असेल’ असे मनात धरून बिल अडवणे, म्हणजे पुराव्याशिवाय दिलेली दंडाची शिक्षाच. साक्षीदार फोडल्याचा पुरावा असेल तर त्यासाठी खटला आहे, आणि खर्चाचा आदेश नाकारण्याचे कारणही तेच होऊ शकते. जर्मन कायद्यात स्वतःविरुद्ध खोटा कबुलीजबाब देऊन खटला ओढवून घेणाऱ्याला खर्च मिळत नाही, तारखा चुकवून वाढवलेला खर्च ज्याचा त्याला सोसावा लागतो. अपवाद लिहिता येतात. मात्र ते अपवाद आरोपीच्या वागण्याचे असावेत, त्याच्याविषयी उरलेल्या संशयाचे नसावेत.

दुसरा वजनदार आक्षेप पीडितांचा. सुटका झाली की खर्च मागितला जाणार, असे कळले तर अत्याचार झालेली बाई किंवा गावातल्या बलदंडाविरुद्ध उभा राहणारा दलित मजूर फिर्यादच करणार नाही. हा आक्षेप आजच्या कायद्याला जास्त लागू पडतो, कारण कलम २७३ चा बोजा फिर्यादीवरच टाकलेला आहे. खर्च तिजोरीतून द्यायचा ठरला तर फिर्यादीला भिण्याचे कारण उरत नाही. तिच्यापर्यंत हात पोहोचावा तो फक्त जाणूनबुजून खोटी खबर दिल्याचे स्वतंत्रपणे शाबीत झाल्यावर. माझ्या मते तिजोरीतून खर्च देण्याच्या बाजूचा हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे. फिर्यादीची भीती आणि आरोपीची भरपाई यांची गाठ त्याने सुटते. तिजोरी रिकामी होईल या आक्षेपाला फार वेळ देण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण आपल्या पॅनेलवरच्या वकिलाला ज्या दराने फी देते, त्याच दराने हिशेब करा, आणि प्रत्येक तारखेला किमान वेतनाइतका भत्ता व एसटीचे भाडे जोडा. नामांकित वकिलांच्या लाखांच्या फीचा प्रश्नच येत नाही. सुटका केली की सरकारला भुर्दंड बसतो म्हणून न्यायाधीश सोडायला कचरतील ही शंका मात्र बाजूला टाकण्यासारखी नाही. तिच्यासाठी खर्चाचा अर्ज निकालानंतर वेगळ्या न्यायाधीशापुढे ठेवणे हा साधा उपाय आहे.

असा कायदा येण्याची संधी आली होती. दिल्ली उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल दिला आणि चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालयांसह दुरुस्तीचा मसुदाही जोडला. आयोगानेही वाईट हेतू किंवा सद्भावनेचा अभाव सिद्ध करण्याची अट ठेवली होती, म्हणजे वर सांगितलेली अडचण राहिलीच असती. पण २०२३ च्या नव्या संहितेत तेवढेही घेतले गेले नाही.

तोवर वाचकाच्या हातात उरते ती तयारी, आणि ती पहिल्या तारखेपासून करावी लागते. मुळात खर्च कमी कसा होईल ते पाहा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तुरुंगात असलेल्या माणसासाठी तालुका किंवा जिल्हा समितीकडे घरच्यांनी केलेला अर्जही चालतो. प्रत्येक तारखेला जातीने हजर राहायची गरज नसेल तिथे वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या. फी शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि पावती मागा. पावती मागितली म्हणून वकिलाने राग मानायचे कारण नाही. रोखीत, पावतीविना दिलेले पैसे कुठल्याही न्यायालयात मोजले जात नाहीत, आणि आजवर भरपाईचे अर्ज सर्वाधिक अडले असतील तर इथेच. ‘सुटलात तरच फी द्या’ असा करार वकिलांना त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनीच मना आहे, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. एका वहीत तारीख, न्यायालयात काय झाले, प्रवासाचे तिकीट, बुडालेली मजुरी किंवा रजा अशा नोंदी ठेवा. सरकारपक्षाने किंवा फिर्यादीने मागितलेल्या मुदती वेगळ्या रंगाने खुणावून ठेवा. रोजनाम्याच्या प्रमाणित प्रतीशी त्या ताडून घेतल्या की लांबलेल्या खटल्याचा दोष कुणाचा हे कागदावर दिसते.

निकालाच्या दिवशी आनंदाच्या भरात काही मामुली कामे राहून जातात. रोख जामिनाची रक्कम परत मागण्याचा अर्ज, जप्त मोबाइल, वाहन किंवा दागिने परत मिळण्याचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९८ खालचा आदेश, जमा केलेला पासपोर्ट, जामीनदाराच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घेणे, हे सगळे मागितल्याशिवाय होत नाही. अपील झाल्यास हजर राहण्यासाठी कलम ४८१ प्रमाणे सहा महिन्यांचे हमीपत्रही लिहून द्यावे लागते, त्याची प्रत जपून ठेवा. आणि प्रमाणित प्रत हातात आली की तिच्यावरची निकालाची तारीख कॅलेंडरवर लिहून तिच्यापुढे बरोबर एक वर्षाची आणि सहा महिन्यांची अशा दोन खुणा करा. दावा लावायचा की नाही हे वकिलाशी बोलून पहिल्या खुणेच्या नव्हे, दुसऱ्या खुणेच्या आत ठरवा.